गुयाश मागवलंत तर रस्साच येणार

बुडापेश्तला जाणारे बहुतेक जण ‘गुलाश’ खायचं ठरवूनच जातात. डोळ्यांसमोर असतं दाट, लाल ग्रेव्हीतलं मांस. टेबलावर मात्र खोल वाडगा येतो: पातळ लाल रस्सा, त्यात बटाट्याच्या फोडी, गाजर आणि मांसाचे तुकडे. वेटरने चुकून दुसरंच काही आणलं असं वाटतं. पण त्याचं बरोबर असतं. हंगेरीत गुयाश (उच्चार असाच, मधल्या ‘ल’शिवाय) हे सूप आहे. तुमच्या मनात होतं त्या पदार्थाचं नाव प्योर्क्योल्त.

रस्सा आणि सुकं यांतला फरक जाणणाऱ्या मराठी माणसाला हे पटकन उमगेल. दोन्हींची सुरुवात एकच. भरपूर कांदा डुकराच्या चरबीत मंद आचेवर मऊ करायचा, मग भांडं आचेवरून खाली उतरवून त्यात पापरिका, म्हणजे तिथली लाल मिरचीपूड, घालायची. खाली उतरवणं महत्त्वाचं, कारण पापरिकात साखर असते. कडकडीत चरबीत ती क्षणात करपते आणि सगळा पदार्थ कडू होतो. मग मांस. इथून वाटा फुटतात. प्योर्क्योल्तमध्ये पाणी अगदी बेताचं, मांस स्वतःच्या रसात शिजतं. दाटपणा विरघळलेल्या कांद्याचा, आणि बटाट्याला तिथे जागा नाही. गुयाशमध्ये पाणी सढळ हाताने, शिवाय बटाटा, गाजर आणि शहाजिऱ्यासारखे दिसणारे कॅरवेचे दाणे. बऱ्याचदा चिपेत्केही असतात, म्हणजे अंडं घालून मळलेल्या घट्ट पिठाचे चिमटीने तोडलेले तुकडे. ते पाहून मला हमखास वरणफळं आठवतात.

घोळ मुळात नावाचा आहे. ‘गुया’ म्हणजे गुरांचा कळप आणि ‘गुयाश’ म्हणजे गुराखी. हंगेरीच्या विस्तीर्ण माळरानावर गुराखी उघड्या आगीवर ‘बोग्राच’ नावाच्या कढईत जे शिजवत, त्याला त्यांचंच नाव मिळालं. १७८४मध्ये व्हिएन्नातून हंगेरीवर राज्य करणाऱ्या सम्राट दुसऱ्या योसेफने राज्यकारभारात जर्मन भाषा लादली, तेव्हा हंगेरियन सरदारांनी आपली भाषा, आपला पोशाख आणि हे गुराख्यांचं जेवणसुद्धा अभिमानाने मिरवायला सुरुवात केली. पुढे व्हिएन्नाने गुराख्याचं नाव उचललं, पण ताटात वाढला तो दाट पदार्थ. जगभर पोचलं ते हेच व्हिएन्नाचं रूप. म्हणून मला वाटतं, हंगेरीत जाऊन ‘हे खरं गुलाश नाही’ असं कुणी म्हणू नये. नाव त्यांचं, गुराखी त्यांचे.

पापरिकाचं आपल्याशी जवळचं नातं आहे. अमेरिकेतून निघालेली जी मिरची पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात उतरली, तीच ऑटोमन तुर्कांच्या मार्फत हंगेरीत पोचली. तिथे तिला आधी ‘तुर्की मिरं’च म्हणत. सेगेद आणि कलोचा ही तिची गावं. सेगेदच्याच विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्योर्ग्यी यांनी पापरिकातून ‘क’ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं. १९३७चं नोबेल त्यांना मिळालं. ‘एदेशनेमेश’ लिहिलेली पूड गोडसर असते, आपल्या ब्याडगीसारखी रंगासाठी जास्त. ‘चिपोश’ म्हणजे तिखट.

आता प्रत्यक्ष मेन्यूकार्ड. गुयाश ‘लेवेशेक’ म्हणजे सूपच्या यादीत सापडेल, त्याच्यासोबत पाव. प्योर्क्योल्त मुख्य पदार्थांत, त्याच्यासोबत नोकेद्ली, म्हणजे छोटे उकडलेले पिठाचे गोळे, आणि खारवलेली काकडी. तिसरं नाव दिसेल पापरिकाश: प्योर्क्योल्तसारखंच, पण आंबट साय घातलेलं, बहुधा कोंबडीचं. गुयाश सहसा गोमांसाचं असतं, त्यामुळे ते न खाणाऱ्यांनी ‘मार्हा’ हा शब्द ओळखून ठेवावा. ‘शेर्तेश’ म्हणजे डुक्कर, ‘चिर्के’ म्हणजे कोंबडी. फोडणी मात्र कोंबडीच्या पदार्थालाही डुकराच्या चरबीची असू शकते, तेव्हा विचारून घ्यावं.

गुयाश दिसायला सूप असलं तरी पोट भरतं. त्यामुळे मागोमाग प्योर्क्योल्त मागवू नका. हंगेरियन घरांत अशा जड सूपनंतर पालाचिंता करतात: जर्दाळूचा जॅम किंवा गोड चक्का भरून गुंडाळलेली पातळ धिरडी.