प्रोटोटाइपच्या साखळीत सी फंक्शन कसं बसलं

जावास्क्रिप्टमध्ये 'क्लास' (ऑब्जेक्ट घडवायचा साचा) हा शब्द चालू लागला तो २०१५ साली, आणि तोही वरवरचा मुलामा म्हणून. आत आजही प्रोटोटाइपच आहे, म्हणजे ज्याच्याकडून गुणधर्मांचा वारसा मिळतो तो पालक ऑब्जेक्ट. सी भाषेतल्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये जावास्क्रिप्ट इंजिन (स्क्रिप्ट चालवणारा भाग) बसवून त्याला आपली सी फंक्शन्स जोडायला गेलं, की ते लगेच जाणवतं.

मूळ कल्पना सेल्फ या भाषेची. झेरॉक्स पार्कमध्ये डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांनी ती मांडली आणि १९८७ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध आला. क्लास नकोतच, ऑब्जेक्टपाशी एखादा गुणधर्म नसेल तर त्याने तो आपल्या पालक ऑब्जेक्टमध्ये शोधावा, इतकं साधं. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला, तेव्हा हीच युक्ती उचलली. पण भाषा जावासारखी दिसायला हवी, असा वरून आग्रह होता. म्हणून 'न्यू' आलं, नवा ऑब्जेक्ट घडवणारं कन्स्ट्रक्टर फंक्शन आलं, आणि पालकाचा दुवा पडद्याआड गेला. पालक थेट सांगून ऑब्जेक्ट बनवण्याची प्रमाणित सोय, म्हणजे ऑब्जेक्ट.क्रिएट, मिळायला २००९ उजाडलं. इतका गोंधळ माजला नसता तरच नवल.

ही भाषा पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या घरात राहणारी. तिला स्वतःचं इनपुट-आउटपुट नाही. जे काही करायचं ते यजमान प्रोग्रॅमने पुरवलेल्या नेटिव्ह, म्हणजे इथे सीमध्ये लिहिलेल्या, फंक्शन्समधून. स्पायडरमंकी या फायरफॉक्सच्या इंजिनमध्ये त्यासाठी जेएस_इनिटक्लास हे फंक्शन होतं: पालक प्रोटोटाइप, कन्स्ट्रक्टर, गुणधर्मांची यादी आणि सी फंक्शन्सची यादी द्यायची, की एका कॉलमध्ये सगळं साखळीत गुंफलं जायचं.

खरी गोम इथून पुढे. समजा 'फाइल' हा नेटिव्ह प्रकार आहे. 'रीड' हे सी फंक्शन फाइल.प्रोटोटाइपवर आहे, आणि प्रत्येक खऱ्या फाइल ऑब्जेक्टच्या पोटात एक सी पॉइंटर (मेमरीतला पत्ता). आता स्क्रिप्टमध्ये कुणी ऑब्जेक्ट.क्रिएट(फाइल.प्रोटोटाइप).रीड() लिहिलं. साखळी चढत इंजिनला 'रीड' बरोबर सापडतं, पण पॉइंटर काही वारशाने मिळत नाही. 'धिस', म्हणजे ज्या ऑब्जेक्टवर कॉल झाला तो, न तपासता सी कोडने पॉइंटर उचलला, तर नशीब चांगलं असेल तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो. नशीब वाईट असेल तर भलत्याच प्रकारच्या ऑब्जेक्टचा पॉइंटर हाती येतो आणि परक्या मेमरीत लिहिलं जातं. सुरक्षेची कित्येक भगदाडं याच जातीची असतात.

स्पायडरमंकीत ही तपासणी करून देणारं फंक्शन होतं, पण ते वापरायचं भान प्रोग्रॅमरनेच ठेवायचं. २००८ मध्ये आलेल्या व्ही८ या गूगलच्या इंजिनने फंक्शन टेम्प्लेटला (नेटिव्ह फंक्शनच्या साच्याला) सिग्नेचर, म्हणजे कोणत्या प्रकारचा 'धिस' चालेल याची खूण, जोडण्याची सोय दिली. ती जोडली की कॉल होण्याआधी इंजिनच 'धिस'ची ओळख पटवून घेतं. (व्ही८ चे लार्स बाक पूर्वी सेल्फच्या चमूत होते, आणि ऑब्जेक्टची रचना आतल्या आत नोंदवणारे व्ही८ चे हिडन क्लासही सेल्फच्याच 'मॅप'चे वंशज.) फॅब्रिस बेलार आणि चार्ली गॉर्डन यांच्या २०१९ च्या क्विकजेएस या इंजिनमध्ये प्रत्येक नेटिव्ह प्रकाराला क्लास आयडी असतो; तो जुळला नाही तर पॉइंटर काढून देणारं जेएस_गेटओपेक२ हे फंक्शन टाइपएरर ही चूक फेकतं. मला ही पद्धत सगळ्यांत सरळ वाटते.

मधल्या काळात ड्युकटेप, जेरीस्क्रिप्ट ही छोटी इंजिनं आली. जेरीस्क्रिप्टचं लक्ष्य ६४ केबीपेक्षा कमी रॅम. तिथे दर नेटिव्ह फंक्शनमागे एक पूर्ण ऑब्जेक्ट म्हणजे चैनच. ड्युकटेपचा 'लाइटफंक' हा हलका फंक्शन-प्रकार म्हणूनच हीपवर (ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीत) जागा घेत नाही; सी फंक्शनचा पत्ता आणि सोळा बिट्सची माहिती थेट व्हॅल्यूतच मावते.

एका क्लासवरून उपक्लास काढणाऱ्या २०१५ च्या 'एक्स्टेंड्स'ने बाइंडिंग (सी आणि जावास्क्रिप्टमधला जोड) लिहिणाऱ्यांना आणखी एक काम लावलं. नेटिव्ह कन्स्ट्रक्टरने ठरलेलाच प्रोटोटाइप चिकटवला, तर त्यावरून काढलेल्या उपक्लासच्या मेथड्स सापडतच नाहीत. क्विकजेएससोबत येणाऱ्या 'पॉइंट'च्या उदाहरणात म्हणूनच कन्स्ट्रक्टर आधी न्यू.टार्गेटचा, म्हणजे 'न्यू' ज्या क्लासवर लावलं त्याचा, 'प्रोटोटाइप' गुणधर्म वाचतो आणि मगच ऑब्जेक्ट बनवतो.