बीसीसी म्हणजे गुपचूप सीसी नव्हे

कॉलेजात आणि विद्यापीठात काम करणाऱ्या कुणालाही ई-मेलमधली सीसी समजावून सांगावी लागत नाही. ज्याने काम करायचं त्याचा पत्ता ‘टू’मध्ये, ज्याला फक्त कळवायचं त्याचा सीसीत. कागदी पत्राखाली आपण ‘प्रत माहितीसाठी’ लिहून नावं देतो, तेच हे. फक्त ‘टू’मध्ये सात जण भरू नका. मग प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी करील.

घोळ होतो तो बीसीसीपाशी. ‘दिसत नाही अशी सीसी’ असाच बहुतेकांचा समज असतो. पण सीसीतला माणूस त्या पत्रव्यवहारात सामील असतो. बीसीसीतल्याला फक्त तो एक मेल मिळतो, आणि तिथेच त्याचा संबंध संपतो.

असं का, ते पाकिटावरून कळतं. मेल जाताना पत्रासोबत सर्व्हरसाठी एक पाकीटही असतं. टू आणि सीसीतले पत्ते पाकिटावरही असतात आणि पत्राच्या माथ्यावरही. बीसीसीतला पत्ता असतो फक्त पाकिटावर, आणि मेल पोचला की पाकिटाचं काम संपलं. ‘रिप्लाय ऑल’ हे सगळ्यांना उत्तर पाठवणारं बटण मात्र पत्राचा माथा वाचतं.

आता परीक्षा विभागातलं उदाहरण घ्या. विभागप्रमुखांनी बहिस्थ परीक्षकांना तोंडी परीक्षेची तारीख कळवली, 12, आणि परीक्षा नियंत्रकांना बीसीसीत ठेवलं. परीक्षकांनी रिप्लाय ऑल करून लिहिलं, ‘12 जमणार नाही, 14 ठेवा.’ हे उत्तर नियंत्रकांपर्यंत जातच नाही. त्यांच्या वेळापत्रकात 12 तारीखच राहते, आणि ‘मी तर त्यांना मेलमध्ये ठेवलं होतं’ असं विभागप्रमुख मनापासून म्हणतात.

दुसरी गत याहून वाईट. त्याच मेलला नियंत्रकांनी सवयीने रिप्लाय ऑल करून ‘मानधनाचं आधी ठरवा’ असं लिहिलं, तर ते उत्तर थेट परीक्षकांच्या हाती पडतं. बीसीसीतला माणूस इतरांना दिसत नाही, पण टू आणि सीसीतले सगळे त्याला दिसतात, म्हणून त्याचं उत्तर त्या सगळ्यांकडे जातं. आपण बीसीसीत आहोत हे जीमेलमध्ये तपशील उघडला की दिसतं. घाईत, त्यातही फोनवर, तो कुणी उघडत नाही.

म्हणून वरिष्ठांना नुसतं दाखवायचं असेल तर बीसीसी नकोच. मेल पाठवा, मग ‘सेंट’मधून तो फॉरवर्ड करा आणि वर एक ओळ लिहा: ‘आपल्या माहितीसाठी.’ त्यांनी कुठलंही बटण दाबलं तरी उत्तर तुमच्याकडेच येईल. आणि सहकाऱ्याला तंबी देताना प्राचार्यांना बीसीसीत बसवणं हे तर सरळ चुकीचं आहे. सांगायचंच असेल तर सीसीत उघड सांगा.

बीसीसीचं खरं काम आहे पत्ते झाकण्याचं. चर्चासत्राच्या 180 नोंदणीधारकांना सूचना पाठवताना ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता घाला, बाकी सगळे बीसीसीत. जीमेलमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की तो रकाना उघडतो. असं केलं की एकाचा पत्ता दुसऱ्याला मिळत नाही आणि ‘धन्यवाद सर’ 180 जणांच्या इनबॉक्समध्ये पडत नाही. साध्या जीमेल खात्यावरून एका मेलला 500 पेक्षा जास्त पत्ते चालत नाहीत आणि त्यात बीसीसीही मोजतात. तेव्हा मोठ्या यादीचे आधीच तुकडे करा.

प्रबंधाच्या दोन परीक्षकांना मात्र बीसीसीतही एकत्र घालू नका. दोन स्वतंत्र मेल पाठवा. पत्ता चुकून शेजारच्या सीसीच्या रकान्यात पडायला क्षण पुरतो, आणि ‘अनडू सेंड’ची, म्हणजे पाठवलेला मेल मागे घेण्याची, मुदत जीमेलमध्ये मुळात 5 सेकंदांची असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ती 30 करून घ्या, आजच.

बीसीसीचा आणखी एक उपयोग फार थोडे जण करतात. कुणी तुमची दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांशी मेलवर ओळख करून दिली, की उत्तर देताना ओळख करून देणाऱ्याला सीसीतून बीसीसीत हलवा आणि पहिल्याच ओळीत तसं लिहा: ‘आभार, मॅडम. आपल्याला बीसीसीत ठेवत आहे.’ गाठ पडल्याचं त्यांना कळतं, आणि पुढचे वीस मेल त्यांच्याकडे जात नाहीत.