वीज कुठे पडली?

विदर्भात मृग लागला की दुपारचं आभाळ केव्हा फिरेल याचा नेम नसतो. लहानपणी वीज चमकली की आम्ही अंक मोजायचो. तीन अंकांनी गडगडाट आला तर वीज साधारण एक किलोमीटरवर. अंतर कळायचं, पण बुटीबोरीकडे की कोंढाळीकडे, ते नाही. आता वावरात पेरणी करणाऱ्याच्या फोनवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजेचा इशारा देतं. वीज रेडिओलहरीही सोडते. ठिकठिकाणचे सेन्सर ती लहर केव्हा पोचली ते टिपतात आणि वेळांच्या फरकावरून जागा काढली जाते. एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, लहर ३०० मीटर जाते. घड्याळ तेवढंच चुकलं तरी वीज भलत्याच्याच धुऱ्यावर पडल्यासारखी दिसेल.

हा खटाटोप मुळात वैमानिकांसाठी सुरू झाला. १९१५ साली रॉबर्ट वॉटसन-वॅट ब्रिटिश हवामान खात्यात लागला, तो विमानांना वादळाची आगाऊ सूचना मिळावी म्हणून. वीज निमिषात विझते, अँटेना फिरवून दिशा शोधेपर्यंत ती गेलेली असते. म्हणून त्यानं काटकोनात दोन अँटेना लावल्या आणि त्यांचे संदेश कॅथोड-किरण नळीच्या (जुन्या टीव्हीत असायची तशा) पडद्यावर एकत्र केले. चमकताक्षणी पडद्यावर रेघ उमटे: दिशा मिळाली! दोन केंद्रांच्या रेघा जिथे छेदतील तिथे वादळ. पुढे दुसऱ्या महायुद्धात हीच तऱ्हा जर्मन पाणबुड्यांचे रेडिओसंदेश पकडायला वापरली गेली.

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी याच माणसानं डॅव्हेंट्रीच्या बीबीसी प्रक्षेपकाच्या लहरी विमानावरून परतताना टिपून दाखवल्या आणि ब्रिटिश रडारचं काम मार्गी लागलं. परतलेल्या लहरीवरून दूरचं जहाज हुडकता येतं हे जर्मनीत हुल्समायर नावाच्या संशोधकानं १९०४ सालीच दाखवलं होतं, पण त्याचं यंत्र कुणी घेतलं नाही.

खरी उडी मात्र गणितात पडली. अनेक अँटेना ओळीत मांडल्या तर तिरकी येणारी लहर प्रत्येकीला किंचित उशिरा पोचते. त्या उशिरांत दिशा दडलेली असते. १९६९ साली केपननं ही मांडणी भूकंपलहरींसाठी धारदार केली, १९७९च्या सुमारास श्मिटनं दिशा काढण्याची ‘म्युझिक’ नावाची गणिती पद्धत आणली. मग स्टॅनफर्डमध्ये रॉय, पॉलराज आणि थॉमस कैलथ यांनी त्याच कामाची ‘एस्प्रिट’ पद्धत काढली. कैलथ पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, तर पॉलराज भारतीय नौदलात सोनार, म्हणजे आवाजावरून पाण्यातल्या वस्तू शोधणारी यंत्रणा, उभारून आलेले. पाण्यातला आवाज असो वा हवेतली लहर, प्रश्न एकच. याच दोघांनी १९९२ साली एकाच वारंवारतेवर अनेक अँटेनांनी वेगवेगळी माहिती पाठवण्याच्या कल्पनेचं पेटंट मागितलं. आजच्या फाईव्ह-जी टॉवरमागे ती आहे. अंदाजाची चूक किती कमी होऊ शकते याचा हिशेब तर सी. आर. राव यांनी कोलकात्यात १९४५ सालीच घालून ठेवला होता. दिशा शोधण्यावरच्या प्रबंधात ही ‘क्रॅमर-राव मर्यादा’ आली नाही तर परीक्षक हमखास विचारतो!

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे डॉप्लर रडार आहे. थेंबांवरून परतलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली यावरून ढगातले वारे आपल्याकडे येताहेत की दूर चाललेत, ते त्यावर दिसतं. पण वीज कुठे पडली हे शोधणं त्याचं काम नाही. ते अजूनही १९१५ सारखं, नुसतं ऐकणाऱ्या अँटेनांचंच.