जनावराला क्षयाची शंका आली तर: कुठे कळवायचं, तपासणी कशी होते, कागद कोणते लागतात

गाय किंवा म्हैस महिनोन्‌महिने खोकतेय, चारा खाऊनही खंगतेय, दूध उतरलंय, जबड्यामागे गाठी हाताला लागतायत. असं जनावर गुपचूप बाजारात नेऊन विकू नका. रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जातो, आणि तो गोठावाला तुमच्यासारखाच शेतकरी असतो.

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 च्या अनुसूचीत गोवर्गीय क्षय, म्हणजे गाई-म्हशींचा टीबी आहे. म्हणून शंका आली तरी कळवणं हे मालकाचं कायदेशीर कर्तव्य ठरतं. खात्री होईपर्यंत थांबायचं नसतं. कळवायचं ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला. तिथून ते पशुवैद्यकांकडे जातं. माझा आग्रह असा, की त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

अर्जात जनावराचा कानातला बारा अंकी टॅग क्रमांक, वय, वेत, लक्षणं कधीपासून दिसतात आणि गोठ्यात एकूण जनावरं किती, हे लिहा. सोबत आधार कार्डाची प्रत, विकत घेतलेलं असेल तर खरेदीची पावती आणि आधीच्या उपचारांचे कागद जोडा. टॅग नसेल तर आधी तो मारून घ्या, नाहीतर चाचणीचा निकाल नेमका कोणत्या जनावराचा हे सिद्ध करता येत नाही.

तपासणीला ट्यूबरक्युलिन चाचणी म्हणतात. मानेवरचे केस कापून कातडीची जाडी मोजतात, कातडीत 0.1 मिली ट्यूबरक्युलिन (क्षयाच्या जंतूंपासून काढलेलं द्रव्य) टोचतात आणि किती सूज आली ते पाहायला 72 तासांनी जाडी पुन्हा मोजतात. म्हणजे डॉक्टर दोनदा येणार आणि टोचल्यापासून तीन दिवसांनी जनावर दावणीलाच हवं. नुकतीच व्यालेली असेल किंवा अलीकडेच ही चाचणी झाली असेल तर आधीच सांगा. अशा वेळी रोग असूनही सूज कमी येऊ शकते. निकाल संशयास्पद आला तर साधारण दोन महिन्यांनी चाचणी पुन्हा करतात.

निकालाची वाट न पाहता जनावर वेगळं बांधा. कायदाही तेच सांगतो: सामाईक कुरणात चारायचं नाही, सामाईक पाणवठ्यावर न्यायचं नाही. कर्तव्यात कसूर झाली तर पहिल्या वेळी 1000 रुपयांपर्यंत दंड आहे. दंड किरकोळ आहे, खरं नुकसान वासरांचं होतं, कारण ती तेच दूध पितात.

ब्रिटनमध्ये बाधित जनावर सक्तीने कापून भरपाई देतात. आपल्याकडे तशी देशव्यापी योजना नाही आणि महाराष्ट्रात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे कायमचं वेगळं ठेवणं आणि बाकी कळपाची पुन्हा पुन्हा तपासणी, हाच बहुतेकदा मार्ग उरतो. माणसांची क्षयाची औषधं स्वतःहून जनावराला देऊ नका. त्याने रोग झाकला जातो, संसर्ग मात्र राहू शकतो.

घरच्यांनी दूध उकळूनच प्यायचं. कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप किंवा मानेला गाठ असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयाची तपासणी मोफत होते. तिथे गोठ्यातल्या जनावराचं आवर्जून सांगा. गोवर्गीय क्षयाच्या जंतूवर पायराझिनामाइड हे नेहमीचं औषध चालत नाही, आणि ही माहिती डॉक्टरांना तुमच्याशिवाय दुसरं कोण देणार?