पुण्यातलं कोलाज: कागदाची आणि डिंकाची जुनी गोष्ट

कोलाज, म्हणजे कागद, कापड असं काहीबाही चिकटवून केलेलं चित्र, म्हटलं की पहिलं नाव पिकासोचं निघतं आणि ते बरोबरच आहे, 1912 मध्ये त्याने वेताच्या खुर्चीची वीण छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं, कडेने खरा दोर गुंडाळला, आणि त्याच वर्षी त्याचा चित्रकार मित्र ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला वॉलपेपर कापून लावला. पुढे जर्मनीत चित्रकार हाना होख मासिकांतले फोटो कापत होती, तिथलाच चित्रकार श्विटर्स ट्रामची तिकिटं नि फाटके कागद गोळा करून चिकटवत होता. चित्रात काय चालतं याचा हिशोबच बदलला. पण म्हणून पुण्यात मिक्स्ड मीडिया (एकाच चित्रात वेगवेगळी साधनं) करणाऱ्यांनी याला सरसकट बाहेरून आलेलं समजावं हे मला पटत नाही, कारण छापील चित्र विकत आणायचं आणि त्यावर घरातलं काहीबाही चिकटवून ते आपलं करून टाकायचं, हे आपल्याकडच्या घरांत तेव्हा चालूच होतं.

1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी पुण्यात चित्रशाळा हा छापखाना काढला, देवदेवतांची आणि पेशवाईतल्या माणसांची रंगीत शिळाछापाची (दगडावरून छापलेली) चित्रं घरोघरी जायला लागली. मग 1894 चा रविवर्म्याचा छापखाना, तो आधी मुंबईत होता आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला आला. ही चित्रं नुसती फ्रेम करून टांगली जायची असं नाही. बायका ती सजवायच्या. अशी एखादी जुनी लक्ष्मी बघायला मिळाली तर जवळ जाऊन बघा, शालूच्या काठावर खरी जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि बारीक मणी, कधी पातळाचा तुकडा चुण्या घालून तसाच चिकटवलेला आणि छापील फक्त चेहरा, हात, पाय उघडे ठेवलेले. कुठे झाकायचं आणि कुठे उघडं ठेवायचं, हा सगळा निर्णय त्या बाईचा. याला आज आपण मिक्स्ड मीडियाच म्हणू ना? पण त्यावर नाव नसतं, आणि कलेच्या इतिहासात तर या बायका जवळपास नाहीतच, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गंमत म्हणजे हीच देवांची चित्रं पुढे गॅलरीत पोचली. चित्रकार भूपेन खख्खर यांनी 1965 च्या मुंबईतल्या प्रदर्शनात बाजारातली देवादिकांची छापील चित्रं चिकटवून कोलाज केली होती. त्याआधी शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी, 1957 च्या सुमारास त्यांची दृष्टी पूर्ण गेली आणि त्यानंतर ते रंगीत कागद कापून बोटांच्या अंदाजाने चित्रं रचत राहिले.

आपल्या शाळांत मात्र हे सगळं घोटीव कागदापाशीच थांबलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांची तयारी करून घेतात, त्यात रंग आणि ब्रश, कात्री-डिंक म्हणजे लहान मुलांचं चिकटकाम, आणि ही समजूत इतकी पक्की बसलीय की मोठेपणी प्रदर्शनाला काम पाठवलं तरी "हे क्राफ्टमध्ये जाईल" असं ऐकायला मिळतं. मीही ऐकलंय. माझ्या मते कोलाजच्या पीछेहाटीचं सगळ्यात मोठं कारण हेच, बाकीची सगळी त्यानंतर.

बाकीची म्हणजे साहित्याची. चिकटवायला पूर्वी खळ असायची, कणीक किंवा मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि पुस्तकं बांधणारे त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे म्हणजे कसर आणि झुरळं लागत नाहीत (मोरचूद विषारी असतं, घरात पोरं असतील तर नकोच). 1959 मध्ये फेव्हिकॉल आलं आणि हळूहळू खळ मागे पडली. सोय झाली, पण पाणी आहे तिथे कागद ताणतो आणि वाळताना आकसतो, हे फेव्हिकॉलनेही सुटलं नाही, पुठ्ठा वाकतोच. त्यावर उपाय जुन्या बाइंडरांचाच, मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवायचा आणि वजनाखाली ठेवायचं, दोन्हीकडून ओढ सारखी बसते.

कागदाचं तर विचारूच नका. 'सकाळ' 1932 पासून, 'केसरी' त्याच्याही कितीतरी आधीपासून, म्हणजे पुण्यात वर्तमानपत्रांचे गठ्ठे कधी कमी नव्हते, पण या कागदात लाकडातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) तसंच राहिलेलं असतं, उजेड लागला की पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, त्यात आपला पावसाळा, बुरशी. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत घरंच्या घरं पाण्यात गेली, त्यात किती वह्या, कॅलेंडरं, फोटो गेले असतील त्याची मोजदाद कोण करणार. टिकणारा कागद हवा तर तो इथेच शिवाजीनगरला बनत आलाय, हातकागद संस्था 1940 ची, गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेली. चिंध्यांपासून केलेला हा कागद जाड, खरबरीत, कडा फाडली की तंतू दिसतात, आणि कोलाजमध्ये ती फाटकी कडा कात्रीच्या कडेपेक्षा कितीतरी बोलकी दिसते.

आता मटेरियल भरपूर आहे. अप्पा बळवंत चौकात अॅसिड-फ्री (लवकर पिवळा न पडणारा) कागद, जेल मीडियम (चिकटवायलाही चालणारी घट्ट जेल) विचारलं तर दुकानदार चक्रावत नाही, लेस-टिकल्यांना तुळशीबाग, पत्रे-तारा-खिळ्यांना बोहरी आळी. 1990 ला फोटोशॉप आलं तेव्हापासून तर कात्रीशिवायही कोलाज होतं. पण जुना छापील कागद दुर्मीळ होत चाललाय, रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात एखादा शिळाछाप किंवा जुनं लग्नाचं आमंत्रण हाती लागलं तर ते कापायचं की जपायचं यावर आम्हा कोलाज करणाऱ्यांत कडाक्याचे वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे, अख्खा असेल तर स्कॅन करा आणि प्रिंट कापा. प्रिंटला त्या कागदाची जाडी, वास, शाईचा उठाव काही येत नाही, मान्य, पण मूळ कागद कापायचाच तर कसरीने निम्मा खाल्लेला असेल तोच घ्या, असे तुकडे त्या बाजारात अजून पुष्कळ मिळतात आणि विकणारे ते किलोवर देतात.