ओजीसी आणि ओएसजिओ: दोघांच्या नावात 'ओपन', पण उघडं काय?

निविदेत एक ओळ होती: 'प्रणाली ओजीसी कम्प्लायंट असावी.' आमच्या साहेबांनी ती वाचली आणि निकाल दिला, "म्हणजे ओपन सोर्स चालेल, उलट तेच हवंय त्यांना. लायसन्सचा खर्च शून्य धरा." मी तेव्हा पुण्यात या धंद्यात नवखा होतो, मान डोलावली. पुढे लंडनला गेलो. तिथे शेजारच्या टेबलावर एक पोलिश प्रोग्रॅमर होता, दिवसा ऑफिसचं काम आणि रात्री जीडॅलसारख्या, नकाशांचा डेटा वाचणाऱ्या मुक्त कोड-लायब्रऱ्यांना पॅच म्हणजे दुरुस्त्या पाठवणारा. त्याला हा किस्सा सांगितला. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "मग लायसन्सचे पैसे शेवटी कोणी भरले?"

आम्हीच भरले होते.

ओजीसी म्हणजे ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम. ओएसजिओ म्हणजे ओपन सोर्स जिओस्पेशियल फाउंडेशन. नकाशांच्या जगात नवा आलेला माणूस या दोन नावांत हमखास अडखळतो, आणि जुनेही कधीकधी. खरं तर फरक सोपा आहे. नट-बोल्टच्या आट्यांचं माप काय असावं, हे ठरवणारी संस्था म्हणजे ओजीसी. त्या मापाचे पाने घडवून कोणालाही 'घेऊन जा, हवे तर घासून बदला' म्हणणाऱ्या कारागिरांची संघटना म्हणजे ओएसजिओ. पहिलीकडे उघडा असतो तो नियमांचा कागद, दुसरीकडे उघडा असतो तो कोड. त्यामुळे पूर्ण बंदिस्त, महागडं सॉफ्टवेअरही ओजीसीचा शिक्का मिरवू शकतं. आणि एखादं मुक्त सॉफ्टवेअर ओजीसीचा एकही नियम न पाळता सुखाने जगू शकतं.

गंमत म्हणजे दोघींचं मूळ एकाच घरात सापडतं. अमेरिकी लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात ग्रास नावाचं जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती हाताळणारं सॉफ्टवेअर, तयार झालं. त्याच्या वापरकर्त्यांना आधार म्हणून १९९२ मध्ये ओपन ग्रास फाउंडेशन निघालं, आणि १९९४ मध्ये त्यातून ओजीसी उभी राहिली. सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर वापरावं हा आग्रह तिने सोडला, वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलली म्हणजे झालं, ही भूमिका घेतली. लष्कराने पुढे ग्रासवरून हात काढला. तेव्हा जर्मनीत मार्कुस नेटेलर आणि इतरांनी तो कोड सांभाळला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आला. २००६ मध्ये ओएसजिओ स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या प्रकल्पांत ग्रास होतंच. एका आजीची दोन नातवंडं, फक्त एक वकील झालं आणि एक सुतार.

कामाच्या रीतीतही तोच फरक. ओजीसीत सदस्यत्वाची फी असते. कंपन्या, सरकारी खाती, विद्यापीठं पैसे भरून सदस्य होतात, कार्यगटांत बसतात, मसुद्यावर मतदान करतात. प्रक्रिया संथ, पण तयार झालेला कागद कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो, आयएसओसारखे पैसे मोजावे लागत नाहीत. ओएसजिओत फीचा प्रश्नच नाही. तिथे पत चालते ती कामाची. जीडॅलमध्ये मोठा बदल करायचा तर आधी लेखी प्रस्ताव मांडायचा, मग सुकाणू समितीतले लोक ईमेलवर 'अधिक एक' किंवा 'उणे एक' लिहून मत देतात. नावापुढची पदवी कोणी विचारत नाही. माझ्या पोलिश मित्राला हे फार आवडायचं. मला सुरुवातीला भीती वाटायची: आपल्याकडे बैठकीत साहेबांच्या कल्पनेला 'उणे एक' म्हणून पाहा!

दोन्ही बाजूंची सरमिसळ कुठे होते, हे ओजीआर या नावात नीट दिसतं. जीडॅल रास्टर, म्हणजे चौकटींनी बनलेली चित्रं वाचतं, तर त्याचा जोडीदार ओजीआर व्हेक्टर, म्हणजे बिंदू-रेषा-आकृत्यांचा डेटा वाचतो. या तीन अक्षरांचा मूळ अर्थ 'ओपनजीआयएस सिंपल फीचर्स रेफरन्स इम्प्लिमेंटेशन' असा होता, म्हणजे ओजीसीचा नियम कसा पाळावा हे दाखवणारा नमुना-कोडच. पण कोड तो नियम पूर्णपणे पाळत नव्हता आणि ओजीसीने त्याला नमुना म्हणून मान्यताही दिलेली नव्हती. मग नाव बदलून 'ओजीआर सिंपल फीचर्स लायब्ररी' केलं. आता त्या तीन अक्षरांना इतिहासापलीकडे काही अर्थ नाही.

खरी ठिणगी पडते अक्षांच्या क्रमावरून. ईपीएसजी ही निर्देशांक-प्रणालींना क्रमांक देणारी यादी, आणि तिच्यातला ४३२६ हा अक्षांश-रेखांशांचा प्रचलित संदर्भ. त्याच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी, रेखांश नंतर. प्रोग्रॅमरना मात्र एक्स आधी, वाय नंतर, म्हणजे रेखांश आधी लिहायची सवय. इंटरनेटवरून नकाशाचं चित्र मागवण्याचं ओजीसीचं मानक म्हणजे वेब मॅप सर्व्हिस, त्याच्या १.१.१ आवृत्तीत रेखांश आधी होता. १.३.० मध्ये व्याख्येला धरून तो उलटला. जिओजेसन हा नकाशाचा डेटा लिहिण्याचा साचा, जो ओजीसीबाहेर प्रोग्रॅमरांनीच रचला आणि २०१६ मध्ये इंटरनेटच्या मानक संस्थेने स्वीकारला, तिथे रेखांशच आधी. २०१९ मध्ये जीडॅल ३ आलं आणि त्याने अधिकृत क्रम पाळायला सुरुवात केली. त्या आठवड्यात किती जणांचे नकाशे आडवे पडले असतील! आमचे पडले, एवढं मी छातीठोक सांगतो. जुना क्रम परत हवा असेल तर त्यासाठी एक वेगळा पर्याय सेट करावा लागतो. त्याच्या नावातच 'ट्रॅडिशनल' हा शब्द आहे. कागदापेक्षा सवय जुनी, ही कबुलीच ती.

मी पुण्याचे आकडे उलटे टाकले होते. अक्षांश अठरा आणि रेखांश त्र्याहत्तर यांची अदलाबदल झाली की पुणं थेट आर्क्टिकमध्ये जातं, नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या जरा खाली, समुद्रात. पाहताक्षणी चूक कळते. मित्र म्हणाला, तुमचं बरं आहे. पोलंडच्या राष्ट्रीय नकाशा-पद्धतीत, ईपीएसजी २१८० मध्ये, एक्स म्हणजे उत्तर आणि वाय म्हणजे पूर्व, शाळेतल्या आलेखाच्या बरोबर उलट. तिथले भूमापक पिढ्यान्‌पिढ्या असंच लिहीत आले आहेत. वॉर्साचे आकडे उलटले तर शहर समुद्रात पडत नाही, दोनशेहून जास्त किलोमीटर वायव्येला सरकतं आणि पोलंडमध्येच राहतं. चूक महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच तो ओजीसीच्या किचकट कागदांवर माझ्याइतका चिडायचा नाही. 'एक्स म्हणजे आडवी रेघ' हे सगळ्या जगात खरं नसतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

या दोन संस्था भांडल्याही आहेत. एझ्री या बड्या जीआयएस कंपनीने आपल्या जिओसर्व्हिसेस रेस्ट एपीआयला, म्हणजे सॉफ्टवेअरनी नकाशा-सेवांशी बोलायच्या आपल्या पद्धतीला, ओजीसीचं मानक करावं, असा प्रस्ताव दिला होता. २०१३ मध्ये ओएसजिओतल्या अनेकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र काढलं: जी कामं करणारी मानकं आधीच आहेत, तीच कामं करणारं दुसरं मानक कशाला, आणि एका कंपनीच्या रचनेला शिक्का का? अखेर एझ्रीने प्रस्ताव मागे घेतला. ज्यांच्याकडे मत नव्हतं त्यांनी मताचा निकाल फिरवला, असं म्हणायचा मोह होतो. पण ओएसजिओतले काही लोक ओजीसीच्या गटांतही बसतातच, त्यामुळे आत-बाहेर अशी सरळ रेघ ओढता येत नाही.

आणि ती रेघ अलीकडे आणखी पुसट झाली आहे. ओजीसीने २०१९ मध्ये 'ओजीसी एपीआय फीचर्स' आणलं. त्याचा मसुदा गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसमोर लिहिला गेला, आणि न सांगता मिळणारा क्रम रेखांश-अक्षांश असाच ठेवला. त्याच्या संदर्भ-नमुन्यांपैकी एक, पायजिओएपीआय, हा ओएसजिओचा प्रकल्प. उलट बाजूने ओएसजिओनेही टाइल मॅप सर्व्हिस नावाचं स्वतःचं मानक लिहून पाहिलं आहे. त्यात नकाशाच्या फरशा खालून वर मोजतात, बाकी जग वरून खाली मोजतं. कारागिरांनी नियम लिहिले तरी गोंधळ व्हायचा तो होतोच.

पैशाचं काय? जीडॅल ३ च्या आधीचं निर्देशांक-प्रणालीचं मोठं काम कोणा एका कंपनीने केलं नाही. वापरणाऱ्या अनेकांनी वर्गणी काढून ते करून घेतलं. इंग्रजीत त्याला गोठा-उभारणी म्हणतात. आपल्याकडे इर्जिक होती की, तेच ते.

तर निविदा लिहिणाऱ्यांनो, 'ओजीसी कम्प्लायंट' लिहाल तेव्हा कोणतं मानक आणि त्याची कोणती आवृत्ती, हेही लिहा. १.१.१ आणि १.३.० मधल्या फरकाने पुणं कुठे जाऊन पडतं, ते वर सांगितलंच आहे. 'आम्ही चालतो' असं म्हणणारा विक्रेता आला तर प्रमाणपत्र मागा. ते उत्पादनाच्या ठरावीक आवृत्तीला मिळतं, कंपनीला नाही. चाचणीचं साधन मुक्त आहे, ती तुम्ही स्वतःही चालवू शकता. आणि कोड हवा असेल तर निविदेत 'कोड' हा शब्द लिहा.