पासा कसाही पडो, चित्र ठरलेलंच

नकाशावर ठाणे, कल्याण आणि पनवेल या तीन स्टेशनांवर खूण करा. सुरुवात कुठूनही चालेल, समजा वाशीहून. आता पासा टाका. एक-दोन पडले तर ठाण्याकडे निघायचं, तीन-चार पडले तर कल्याणकडे, पाच-सहा पडले तर पनवेलकडे. रस्ते, खाडी, डोंगर विसरून सरळ रेषेत, पण निम्मंच अंतर जायचं. थांबाल तिथे टिंब काढायचं आणि पुन्हा पासा टाकायचा. पहिल्यांदा पाच पडला तर वाशीहून तुम्ही खारघरच्या आसपास येता. पुढे तीन पडला तर तिथून तळोज्याच्या उत्तरेला.

पंचवीस-तीस टिंबांपर्यंत नुसता पसारा दिसतो. काही हजार टिंबं पडली की मात्र नकाशावर एक जाळी उमटते. मधोमध, शिळफाट्याच्या पूर्वेला, एक मोठं त्रिकोणी भोक. त्याच्या तिन्ही बाजूंच्या त्रिकोणांत तसंच निम्म्या मापाचं भोक, त्याच्या भोवती आणखी लहान, आणि असंच आत आत. पोलिश गणिती सिअरपिन्स्की यांनी १९१५ साली या आकृतीचं वर्णन केलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तरी तीच नक्षी पुन्हा दिसते, अशा आकृत्यांना बेन्वा मॅंडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिलं.

भोक पडतं कसं? ‘ठाण्याकडे निम्मं अंतर’ हा नियम अख्ख्या त्रिकोणाला लावून बघा. सगळा त्रिकोण निम्मा होऊन ठाण्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. कल्याण आणि पनवेलचंही तसंच. तीन कोपऱ्यांत तीन निम्मे त्रिकोण बसले की मधली जागा कोणाच्याच वाट्याला येत नाही. त्रिकोणाच्या आतून निघालेलं टिंब तिथे पोचूच शकत नाही. आणि मधे कोणी जात नाही म्हटल्यावर त्या रिकाम्या जागेच्या छोट्या प्रती प्रत्येक कोपऱ्यात आपोआप तयार होतात. आकार सगळा त्या तीन नियमांत आहे. पासा फक्त तो भरून काढतो.

वाशी मात्र या त्रिकोणाच्या बाहेर आहे, साधारण पाच-सहा किलोमीटर. म्हणून वर सांगितलेलं तळोज्याकडचं टिंब चक्क मधल्या भोकात पडतं. पण दर चालीला ही चूक निम्मी होते. वीस चालींत ती दहा लाख पटींहून थोडी जास्तच आटते, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर उरते. त्यामुळे अशी चित्रं काढणारे कॉम्प्युटर प्रोग्रॅम पहिली वीसेक टिंबं काढतच नाहीत, मुकाट टाकून देतात.

पासा टाकून टिंबं काढायच्या या खेळाला गणिती मायकल बार्न्सली यांनी ‘केऑस गेम’ म्हटलं. याच खेळातून त्यांनी काढलेल्या नेच्याच्या (फर्नच्या) पानाला चारच नियम लागतात. त्यांतला एक शंभरात ८५ वेळा निवडला जातो, देठाचा नियम फक्त एकदा. पावसाळ्यात येऊरला दगडाच्या फटीतून डोकावतो तसा नेचा पडद्यावर उभा राहतो.

हे सगळं सरळ रेषांचं गणित झालं. कॉम्प्युटरवर चित्रं घडवणारे कलाकार स्कॉट ड्रेव्ज यांनी १९९२ मध्ये त्यात वाक आणला. टिंब सरकवून झालं की त्याला आणखी एका वाकड्या सूत्रातून न्यायचं. एक सूत्र केंद्राजवळचं लांब फेकतं आणि लांबचं जवळ ओढतं; दुसरं अंतराप्रमाणे गरगर फिरवतं. यातून धुरासारखी, रेशमासारखी चित्रं निघतात. त्यांना ‘फ्रॅक्टल फ्लेम’ म्हणतात.

ती काढायचं मोफत साधन म्हणजे फ्लॅम३. यात खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, फक्त टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा. ‘फ्लॅम३-जीनोम’ ही कमांड यदृच्छेने नियम जुळवून एक फाइल देते, ‘फ्लॅम३-रेंडर’ त्या फाइलचं चित्र करते. यात एआय नाही, आधीची चित्रं पाहून शिकणं नाही. फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा. प्रत्येक नियमाची एक ओळ दिसेल: त्याचं वजन, म्हणजे तो किती वेळा निवडला जावा, कोणतं वाकडं सूत्र किती प्रमाणात, आणि टिंब कसं सरकवायचं ते सांगणारे सहा आकडे. अख्खं चित्र एवढ्यात मावतं.

खरी करामत उजेडाची आहे. एका पिक्सेलवर दहा टिंबं पडली आणि दुसऱ्यावर एक लाख, तर सरळ हिशेबाने पहिला दुसऱ्याच्या दहा हजाराव्या भागाइतका उजळेल, म्हणजे काळाच दिसेल. ड्रेव्ज यांनी टिंबांच्या संख्येचा लॉगॅरिदम घेतला. दहाचा १, लाखाचा ५. आता प्रमाण एकास पाच. विरळ धागेही दिसतात आणि दाट भागही जळून जात नाही. शाळेत लॉगची कोष्टकं बघून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं.

रंगाची युक्ती तर आणखी साधी. प्रत्येक नियमाला एक रंग दिलेला असतो. नियम लागला की टिंबाचा रंगही त्या रंगाकडे निम्मा सरकतो, अगदी आपल्या ठाणे-पनवेल प्रवासासारखा. म्हणून रंग बघून कळतं, टिंब नुकतंच कुठल्या नियमातून आलंय.

हजार बाय हजार पिक्सेलचं चित्र, दर पिक्सेलमागे सरासरी १०० टिंबं, म्हणजे १० कोटी चाली. दर पिक्सेलमागचा हा आकडा कमी ठेवला तर चित्र दाणेदार येतं. म्हणून ‘क्यूएस’ची, म्हणजे चित्राचा दर्जा ठरवणाऱ्या आकड्याची, किंमत कमी ठेवून आधी भराभर कच्ची चित्रं काढावीत. बरीचशी टाकाऊ निघतात: कुठे नुसता डाग, कुठे जवळजवळ काळा पडदा. माझ्या मते इथेच माणसाचं काम सुरू होतं. ड्रेव्ज यांनी १९९९ मध्ये ‘इलेक्ट्रिक शीप’ हा स्क्रीनसेव्हर काढला, त्यातही निवड बघणाऱ्यांच्या मतांवरच होते. लोकांना आवडलेल्या चित्रांच्या नियमांची सरमिसळ करून पुढची पिढी निघते. घरी हेच फ्लॅम३-जीनोमचा ‘म्युटेट’ हा पर्याय वापरून करता येतं: आवडलेली फाइल द्यायची, किंचित बदललेली भावंडं मागायची. त्यांतलं एक पसंत पडलं की दर्जा वाढवून रात्री रेंडरला लावायचं, आणि लॅपटॉपचा पंखा घरघरणार हे घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं.